वडिलांची पद्मिनी, न भरणारा रविवार आणि डिकीतला डबा

साताऱ्याहून तुम्ही विचारलेला प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचकांनाही संदर्भ राहील. वडिलांच्या पश्चात १९७८ ची प्रीमिअर पद्मिनी तुमच्याकडे आली आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी फियाटवाल्यांची बैठक भरत असे, वडील तिला नेमाने जात आणि लहानपणी मागच्या सीटवर बसून तुम्हीही गेला आहात. ती बैठक बंद पडून आता बरीच वर्षे झाली. गाडी सुरू होते, पण गिअर मध्येच अडकतो आणि उन्हात चढावर ती बंद पडते. व्हॉट्सॲपवरच्या एका मोठ्या गटात तुम्ही सामील झालात, परंतु शुभ सकाळ आणि चकचकीत गाड्यांची छायाचित्रे यांपलीकडे तिथे काही हाती लागले नाही. डिकीत बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा निघाला, त्यात बारा पितळी नळ्या आणि एक वही आहे. आता जुन्या लोकांना गाठून तो क्लब पुन्हा सुरू करावा, की गाडी एखाद्या संग्राहकाला देऊन मोकळे व्हावे, असे तुम्ही विचारले आहे.

मी पुण्यात तीस वर्षे याच गाड्यांवर काम करतो आहे आणि त्यांपैकी सुमारे वीस वर्षे अशाच एका रविवारच्या बैठकीची व्यवस्था माझ्याकडे होती, त्यामुळे ती कशी चालली हे मी पाहिले आहे आणि ती कशी बंद पडली यात माझाही हात आहे. तुमचा प्रश्न वाचून मला असे वाटले की, तुम्हाला हुरहूर बैठकीची लागली असली तरी अडचण वेगळीच आहे. कान लावून टायमिंग (इंजिनात ठिणगी पडण्याची वेळ) सांगणारा माणूस, झिजलेला भाग पुन्हा बनवून देणारा टर्नर आणि मागच्या वेळी काय केले होते ते आठवून सांगणारा कोणीतरी, या तिघांची तुम्हाला गरज आहे. पूर्वी हे तिघेही एकाच रविवारी एकाच झाडाखाली भेटत, एवढेच. म्हणून ‘क्लब सुरू करावा का’ या प्रश्नाचे उत्तर देण्याआधी, तो मुळात कशावर उभा होता हे पाहिले पाहिजे.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९५० च्या दशकापासून फियाट ११०० तयार होऊ लागली. सुरुवातीच्या त्या फुगीर नाकाच्या गाडीला आपल्याकडे ‘डुक्कर फियाट’ म्हणत, आणि तिचा मालकही ते नाव कौतुकानेच घेई. १९६४ मध्ये ‘डिलाइट’ आली, पुढे तिचे ‘प्रीमिअर प्रेसिडेंट’ झाले आणि १९७४ पासून ‘प्रीमिअर पद्मिनी’ हे नाव कायम झाले. लोकांच्या तोंडी मात्र ती शेवटपर्यंत फियाटच राहिली. १०८९ सीसीचे इंजिन, चाळीसच्या आसपास अश्वशक्ती, स्टिअरिंगला लावलेला गिअर, चारही चाकांना ड्रम ब्रेक, असा सगळा साधा मामला होता. बुकिंग करून वर्षानुवर्षे थांबल्यावर ती मिळत असे. एवढी वाट पाहून मिळालेली गाडी खंडाळ्याच्या घाटात तापून उभी राहिली, तर माणूस दुसरी घेऊ शकत नव्हता. त्याला ती दुरुस्त करणे भाग होते, आणि दुरुस्त करायची तर दुसऱ्या फियाटवाल्याची ओळख असणे भाग होते.

आमची बैठक अशीच सुरू झाली. मे महिन्यातल्या घाटात अमृतांजन पुलाच्या खाली-वर बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्यांचे मालक एकमेकांना पाणी देत, इंजिनाला पेट्रोल पोचवणाऱ्या पंपावर ओले फडके कसे गुंडाळायचे ते दाखवत, आणि उतरताना पत्ते लिहून घेत. पुढे द्रुतगती मार्ग झाला, २००२ पासून बहुतेक लोक त्या मार्गाने न थांबता जाऊ लागले, आणि २०२० मध्ये तर तो पूलही पाडला गेला. पण पुलाच्या आठवणीने गहिवरण्याआधी हे ध्यानात घ्या की, त्या पुलाखाली आम्ही हौसेने थांबत नव्हतो. आम्हाला एकत्र आणले ते गाडीच्या दोषांनी, आणि जिव्हाळा त्यातून मागाहून निर्माण झाला.

बैठकीत प्रत्यक्ष काय होत असे, ते तुमच्याच गिअरच्या उदाहरणाने सांगतो. स्टिअरिंगजवळच्या दांडीपासून खाली गिअरबॉक्सपर्यंत जे सांधे जातात, त्यांतले बुश, म्हणजे सांध्यात बसवलेल्या छोट्या नळ्या, झिजले की वर हात एक सांगतो आणि खाली पोचते दुसरेच. दांडी दोन गिअरांच्या मध्ये अडकून बसते. नवखा माणूस गिअरबॉक्स उतरवायला सांगतो आणि मोठा खर्च करून बसतो. आमच्याकडे एक निवृत्त शिक्षक होते. ते काही न बोलता बॉनेट उघडत, एका माणसाला आत बसवून दांडी हलवायला लावत आणि स्वतः दोन बोटे खालच्या सांध्यावर ठेवत. दांडी हलली आणि बोटाखालचा सांधा क्षणभर उशिराने हलला, की ते गाडीच्या मालकाला आपल्या बोटाच्या जागी त्याचे बोट ठेवायला सांगत आणि म्हणत, ‘आता तुम्हीच बघा.’ तो उशीर लिहून सांगता येत नाही, छायाचित्रात दिसत नाही, आणि चलच्चित्रातही बोटाला कळतो तसा कळत नाही. तुमच्या गाडीचा गिअर अडकतो याचे कारण दहापैकी आठ वेळा हेच असते; गिअरबॉक्स उतरवू देऊ नका, आधी हे बुश बदलून पाहा.

आता बैठक का मोडली याविषयी. लोक एका कारणावर बोट ठेवतात, मला तीन-चार दिसतात. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली, आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत घरोघरी अशी गाडी आली की जिच्या मालकाला बॉनेट उघडण्याचे कारणच उरले नाही. इसवी सन २००० च्या सुमारास पद्मिनीचे उत्पादन थांबले. मिस्त्री म्हातारे झाले आणि त्यांच्या मुलांनी स्कॅनर लावून दोष शोधायचे नवे काम शिकून घेतले, यात त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही.

फारसे कोणी बोलत नाही असे एक कारण म्हणजे मुंबईच्या टॅक्सी. आपण खासगी मालक स्वतःला या गाडीचे रक्षक समजत होतो, पण सुट्या भागांचा बाजार जिवंत ठेवला तो काळ्या-पिवळ्या टॅक्सींनी. ब्रेकचे लायनिंग, क्लच प्लेट, पाण्याचा पंप, किंगपिन (पुढचे चाक ज्यावर वळते ती खीळ) हे सगळे हजारो टॅक्सींना सतत लागत होते म्हणून कोणीतरी ते बनवत होते, आणि त्यातलेच चार नग पुण्यात नाना पेठेतल्या दुकानांत आम्हाला मिळत होते. ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मर्यादा भरल्यावर ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून उतरली. त्या दिवशी वर्तमानपत्रांत हळवे लेख आले. मी मात्र दुकानदाराला फोन करून उरलेले लायनिंग बाजूला काढायला सांगितले. मालाचा उठाव थांबला की भाग बनवणारा साचा मोडीत काढतो, आणि एकदा साचा गेला की हातात पैसे असूनही भाग मिळत नाही.

आणखी एक कारण मी स्वतः आहे. २००८-०९ च्या सुमारास बैठकीला येणाऱ्यांची संख्या घटू लागली, तेव्हा तिला थोडे रूप द्यावे असे मला वाटले. आम्ही एकसारखे टी-शर्ट छापले, फेरी काढली, उत्तम गाडीला ढाल दिली आणि एका वर्षी प्रायोजकही मिळवला. गर्दी वाढली. दुसऱ्या वर्षी फेरीच्या सकाळी मी मैदानाबाहेर पाहिले, तर आमचे एक जुने सभासद आपली गाडी कोपऱ्यापलीकडे गुलमोहराआड उभी करून चालत येत होते. कारण विचारले तर म्हणाले, ‘रंग उडालाय, फोटोत कशाला?’ या माणसाने तीस वर्षे ती गाडी रोज चालवली होती आणि कार्ब्युरेटरचा फ्लोट (आतली पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता भाग) त्याच्याइतका अचूक कोणालाही लावता येत नव्हता. पुढच्या वर्षी ते आले नाहीत, त्यांच्यामागे आणखी तिघे-चौघे गळाले, आणि उरलेल्यांत बॉनेटखाली हात घालणारे इतके कमी झाले की बिघडलेली गाडी घेऊन येण्याची लोकांना लाज वाटू लागली. मिरवणुकीला जो जोम आला, तो दुरुस्तीतून काढून घेतलेला होता.

जुन्या गाड्यांच्या फेऱ्यांना मी नावे ठेवतो आहे असे कृपया समजू नका. ‘द स्टेट्समन’ची फेरी १९६४ पासून दिल्लीत निघत आली, मुंबईत व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाने मोठे काम केले, आणि संस्थानिकांच्या गाड्या लोकांना पाहायला मिळाल्या त्या अशा उपक्रमांमुळेच. पण ज्या गाडीला स्वतंत्र चालक आणि मिस्त्री आहे तिच्या मालकाची गरज आणि तुमची गरज एक नाही. तुमची गाडी रोजच्या वापराची होती, आणि तिच्याभोवतीची माणसे एकमेकांच्या वापराची होती.

व्हॉट्सॲपच्या गटाबद्दल तुमचा त्रागा मला समजतो, कारण मीही अशा दोन गटांत आहे. गेल्या वर्षी एकाने विचारले की गाडीतल्या पेट्रोल पंपाचा पडदा वर्षात दोनदा का फाटला. मी रात्री बसून वीस-पंचवीस ओळींचे उत्तर लिहिले. लोकांनी जोडलेले हात आणि अंगठे पाठवले. तीन आठवड्यांनी दुसऱ्याने अक्षरशः तोच प्रश्न विचारला आणि माझे उत्तर कोणालाच सापडले नाही, मलाही नाही. वर वाढदिवस, निवडणुका आणि एका लग्नातली सजवलेली फियाट यांचा थर चढला होता. पूर्वीच्या बैठकीत उत्तर देणारा मेला तरी उत्तर दुसऱ्याच्या हातात उरत असे. इथे उत्तर देणारा जिवंत असताना उत्तर नाहीसे होते. गट वाईट नाही, निरोप देण्यासाठी तो उत्तम आहे. ज्ञान साठवण्याचे भांडे म्हणून त्याला तळ नाही.

त्या पडद्याचे उत्तर इथे पुन्हा देतो, कारण तुमची गाडी उन्हात बंद पडते त्याच्याशी त्याचा संबंध आहे. पद्मिनीचा पेट्रोल पंप इंजिनालाच लागून असतो. चढावर इंजिन तापले की पंपात आणि नळीत पेट्रोलची वाफ होते, आणि पंपाला वाफ ओढता येत नाही. ओले फडके हा जुना उपाय आजही चालतो, परंतु तो केवळ घरी पोचण्यापुरता आहे. शिवाय आता मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते, आणि जुन्या रबराला ते सोसत नाही. नळी आतून मऊ पडून तिचे कण कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये (बारीक छिद्रात) अडकतात, पंपाचा पडदा फुगून फाटतो, आणि गाडी महिनोन्महिने उभी राहिली तर इथेनॉलने शोषलेले पाणी टाकीच्या तळाशी गंज धरते. म्हणून टाकी साफ करून घ्या, टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतच्या सगळ्या रबरी नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या प्रतीच्या घाला, पंपाचा संच बदला आणि गाडी आठवड्यातून एकदा तरी दहा-पंधरा किलोमीटर चालवा. हे केल्यावरही ती बंद पडली, तर मगच ठिणगीच्या व्यवस्थेकडे, म्हणजे कंडेन्सर आणि पॉइंटकडे वळा.

गाडी ठेवावी की द्यावी, हे मी इथे बसून सांगू शकणार नाही. ते तीन गोष्टींवर अवलंबून आहे. पहिली म्हणजे पत्रा. दारांखालच्या पट्ट्या आणि पुढच्या चाकांवरचा भाग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहा. बद्द आवाज आला किंवा पापुद्रे सुटले, तर इंजिनावर खर्च करण्याआधी दहा वेळा विचार करा. दुसरी म्हणजे छप्पर. साताऱ्याच्या पावसात उघड्यावर उभी राहणारी फियाट तुम्ही सांभाळू शकणार नाही, आणि तशी स्थिती असेल तर ती चालवणाऱ्याला द्यावी, दिवाणखान्यासमोर मांडून ठेवणाऱ्याला शक्यतो देऊ नये.

तिसरी म्हणजे कागद. नोंदणी अजून वडिलांच्या नावावर असेल तर वारस म्हणून फॉर्म ३१ भरून ती आधी तुमच्या नावावर करून घ्या. त्याशिवाय पुढचे कुठलेच काम सरळ होणार नाही. जुन्या खासगी गाडीची नोंदणी पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करावी लागते, आणि त्याचे शुल्क अलीकडे बरेच वाढले आहे. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी मिळते, तिच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात, नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती दहा वर्षे चालते. तुमच्या गाडीला २०२८ मध्ये पन्नास पूर्ण होतील. मात्र या नोंदणीची गाडी प्रदर्शन, फेरी, देखभाल अशा कारणांपुरतीच रस्त्यावर आणता येते. तुम्हाला रविवारी मुलांना घेऊन कासला जायचे असेल, तर नेहमीची नोंदणीच चालू ठेवणे बरे, असे मला वाटते.

आता बैठकीबद्दल. जुना क्लब त्याच नावाने, फलक लावून, पदाधिकारी निवडून पुन्हा सुरू करण्याच्या भानगडीत पडू नका. सातारा, कराड, वाई या टापूत गाडी चालवत येऊ शकतील असे चार-पाच मालक मिळाले तरी पुरे. दिवस ठरलेला असावा, आणि त्या दिवशी एका गाडीचे एक काम प्रत्यक्ष व्हावे, मग ते टॅपेट (इंजिनाच्या झडपांची फट) लावण्याइतके छोटे का असेना. ज्याच्या गाडीचे काम आहे त्याने स्वतः पाना धरायचा, मिस्त्रीला बोलावले असेल तर त्याची मजुरी सगळ्यांनी वाटून द्यायची आणि त्याच्याशी घासाघीस करायची नाही. छायाचित्रे काम संपल्यावर काढा. आम्ही सुरुवातीच्या काळात हाच क्रम पाळत होतो आणि तोवर एकही सभासद कंटाळून गेला नाही.

दुसरे काम सुट्या भागांचे. इंग्लंडमध्ये जोवेट नावाच्या गाडीचे उत्पादन १९५४ मध्ये थांबले, पण तिच्या मालकांनी सुटे भाग बनवून घेण्याची व्यवस्था स्वतःच्या हाती घेतली आणि ती गाडी आजही रस्त्यावर दिसते. आपल्याला एवढा मोठा पसारा मांडण्याची गरज नाही, कारण कोल्हापूरचे उद्यमनगर तुमच्यापासून फार दूर नाही. तिथला टर्नर एका बुशसाठी लेथ लावणार नाही, आणि लावला तर दर ऐकून तुम्हीच परत याल. पण नमुना, माप आणि वीस नगांची मागणी घेऊन गेलात तर तो तुम्हाला बसायला खुर्ची देईल. पाच मालक एकत्र आले की वीस नग सहज होतात. नमुना मात्र न वापरलेल्या भागाचा द्या. आम्ही एकदा झिजलेल्या बुशच्या मापाने माल करून घेतला आणि पूर्ण खेप सैल निघाली. त्यातले चार नग अजून माझ्या टेबलावर पेपरवेट म्हणून आहेत.

तिसरे काम वहीचे. कोणत्या गाडीला काय झाले, काय केले, कोणता भाग कुठून आणला आणि तो किती टिकला, एवढ्या चार रकान्यांची एक वही ठेवा, आणि वर्षातून एकदा तिची पाने मोबाइलवर टिपून प्रत्येकाला द्या. कागदाची वही अशासाठी की, ग्रीसच्या हाताने मोबाइल कोणी उघडत नाही, पण वहीत लिहितो.

डब्यातल्या त्या नळ्यांचे तुम्ही पाठवलेले वर्णन, म्हणजे पितळ, आत तेलाची खाच आणि बाजूला एक बारीक भोक, यावरून त्या पुढच्या चाकांच्या किंगपिनचे बुश असाव्यात. मापे घेऊन कळवा, म्हणजे खात्री करून सांगतो. दोन्ही चाकांचे मिळून एका गाडीला चार बुश लागतात आणि तुमच्या डब्यात बारा आहेत, त्याअर्थी वडिलांनी ते एकट्यासाठी घेतलेले नाहीत. वहीत त्या खरेदीची नोंद शोधा. आमच्याकडे असा माल ज्याच्या घरी ठेवला जाई तो समोर बाकीच्यांचे गाडी क्रमांक लिहून ठेवत असे. तुमच्या वहीत तसे दोन क्रमांक सापडले, तर पहिला फोन त्या दोन घरी करा आणि तुमचे बुश आमच्याकडे राहिले आहेत असे सांगा.